चोविसाव्या आठवड्याची कादंबरी

गर्भपातावर मराठीत कोर्टातली एक थरारक कादंबरी यायला हवी, असं एक वकील म्हणतात. कर्जत आणि खालापूरच्या कोर्टांत त्यांची हयात गेली आहे. त्यांच्यासमोर बसल्या आहेत सिस्टर, याच दोन तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर आरोग्यसेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. ही दोन्ही माणसं मी रचलेली आहेत. ती जे बोलतात ते मात्र नेरळपासून खोपोलीपर्यंत कुठेही कानावर पडतं, आणि त्यांच्या तोंडी आलेले कायदे, खटले, तारखा खऱ्या आहेत. बैठक दहिवलीत, वकिलांच्या घरी. मध्येमध्ये मीही बोललो आहे, कारण या विषयात गप्प बसून ऐकणं मला जमत नाही.

वकील : सिस्टर, हा विषय हातात घेतला की कादंबरी आपोआप पळायला लागते बघा. कायद्यानेच घड्याळ लावून दिलंय. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस असेल तर दोन डॉक्टर, आणि तेही ठरावीक बायकांसाठी. चोवीसच्या पुढे, बाईचा जीव तातडीने वाचवायचा असेल ते सोडलं तर, मेडिकल बोर्ड, आणि गर्भात मोठं व्यंग असेल तरच परवानगी. नाहीतर हायकोर्टात रिट. आता धरून चला, तेविसाव्या आठवड्यात अशील दारात उभी राहते. कोर्टाला सुट्टी लागलेली. बोर्डाचा अहवाल यायचाय. सरकारी वकील पुढची तारीख मागतोय. खुनाच्या खटल्यात मुडदा वर्षानुवर्षं थांबतो, इथे कोणी थांबत नाही.

सिस्टर : आणि ती काय करते?

वकील : कोण?

सिस्टर : जिचं पोट वाढतंय ती. तुमच्या गोष्टीत तिला काय काम?

वकील : ती याचिकाकर्ती.

सिस्टर : म्हणजे अंगठा उठवते आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसते.

वकील : कोर्टाच्या गोष्टीत पक्षकार बसूनच असतो हो. बोलायचं काम आमचं.

इथे मला पहिल्यांदा तोंड घालावंसं वाटतं. वकिलांना हवी असलेली ही गोष्ट मराठीत आधीच लिहिली गेली आहे. कादंबरी नाही, नाटक. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, १९६७ सालचं. मुंबईची एक हौशी नाटक मंडळी खेड्यातल्या सभागृहात प्रयोगासाठी येते. रात्रीच्या प्रयोगाला वेळ आहे म्हणून गंमत म्हणून खोटा खटला उभा करतात. आरोपी लीला बेणारे, शाळेतली बाई, अविवाहित. आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता खेळ उरत नाही. बाई खरोखरच गरोदर आहे आणि हे जमलेल्यांना कळलेलं आहे. मग एकेक जण साक्षीला उभा राहतो. ज्याच्यापासून दिवस गेले तो प्राध्यापक दामले या खटल्याला हजरच नाही, आणि त्याच्यावर आरोप ठेवावा असं कोणाला सुचतही नाही. दाराची कडी बाहेरून लागलेली असते, बेणारेला निघूनही जाता येत नाही. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर तिला आपली बाजू मांडायला दहा सेकंद देतात.

त्यांनी दिलेली शिक्षा मराठी वाचकाने एकदा नीट वाचावी. भ्रूणहत्येच्या आरोपाखाली उभ्या केलेल्या बाईला हे कोर्ट सांगतं की तुझं पोटातलं मूल नष्ट केलं जाईल. ज्या गुन्ह्यासाठी खटला, तीच शिक्षा. गर्भ ठेवायचा की पाडायचा, दोन्ही वेळा ठरवणारे तेच. फक्त तिने ठरवायचं नाही. गर्भपाताच्या वादावर यापेक्षा नेमकं काही मी वाचलेलं नाही, आणि ते लिहिलं गेलं तेव्हा देशात गर्भपाताला मोकळीक देणारा कायदासुद्धा नव्हता.

वकील : कायदा नव्हता, पण त्याची तयारी झाली होती. आणि ती तयारी एका महाराष्ट्राच्या माणसाने केली, हे आपण विसरतो. शांतिलाल शहा, राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री. १९६४ साली केंद्राने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, डिसेंबर १९६६ मध्ये अहवाल आला. त्यावरून १९७१ चा कायदा. १ एप्रिल १९७२ पासून लागू. सत्यदेव दुबेंनी ‘शांतता’वर सिनेमा काढला तोही १९७१ लाच. तोवर सगळं १८६० च्या दंडसंहितेवर चालायचं. कलम ३१२ : गर्भपात घडवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, पोटात हालचाल जाणवायला लागली असेल तर सात वर्षांपर्यंत. आणि स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी बाईसुद्धा त्यातच.

सिस्टर : ते कलम गेलं ना आता?

वकील : नंबर बदलला. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ८८. मजकूर जवळपास तोच. आपल्याकडे गर्भपात हा आजही मुळात गुन्हाच आहे, आणि १९७१ चा कायदा हा त्या गुन्ह्यातून डॉक्टरला दिलेली सूट आहे. बाईला हक्क दिलेला नाही. अटी पाळून केलं तर डॉक्टर सुटतो, एवढंच.

सिस्टर : हे तुम्ही आज सांगताय. आम्ही नोकरीत होतो तेव्हा कोणी या भाषेत सांगितलं असतं तर डॉक्टर हात का आखडता घेतात ते आधी कळलं असतं.

वकील : आखडता घ्यावाच. मी त्या बाजूचा आहे, हे आधी सांगून टाकतो. मला कादंबरी लिहायची आहे म्हणजे मी गर्भपाताचा झेंडा घेतलाय असं नाही. पोटात वाढतो तो जीव आहे. माझी आई एकादशी करायची, पण जीव म्हणायला मला पोथीची गरज नाही. चोवीस-पंचवीस आठवड्यांची पोरं आज काचेच्या पेटीत जगतात. त्या जिवाच्या बाजूने कोर्टात एखादा तरी माणूस उभा राहिला पाहिजे. बोर्ड असावं, न्यायाधीश असावा, प्रश्न विचारले जावेत.

सिस्टर : विचारा. पण किती जणांनी विचारायचं? आधी आशाताई, मग मी, मग डॉक्टर, तालुक्याच्या इस्पितळात पुन्हा डॉक्टर, सोनोग्राफीवाला, पोलीस, बोर्डाचे पाच-सात जण, तुम्ही, तुमचा सरकारी वकील, वर न्यायाधीश. आणि यातल्या निम्म्यांनी तरी तिला एकच गोष्ट विचारलेली असते. नवरा कुठाय?

वकील : नवऱ्याची सही कायद्यात लागत नाही.

सिस्टर : कायद्यात नाही लागत. अठरा वर्षांच्या वरच्या बाईची स्वतःची सही पुरते, हे मी भिंतीवर लावलेलं वाचलंय आणि त्याच भिंतीखाली बसून बायांना परत पाठवलेलं बघितलंय. ‘मालकाला घेऊन या.’ मालक भट्टीवर. परत यायला भाडं नाही. गेले पंधरा दिवस.

भट्टीचा हा मुद्दा मुंबई-पुण्याच्या वाचकाला एकदम लक्षात येणार नाही, म्हणून सिस्टरांना मी पुढे बोलतं केलं. कर्जत-खालापूर नकाशावर मुंबईला चिकटलेलं दिसतं. कर्जतहून थेट लोकल आहे, खोपोलीपर्यंत फाटा आहे, द्रुतगती मार्ग खालापूरच्या अंगावरून जातो. पण भीमाशंकरच्या पायथ्याला खांडसकडे किंवा खालापुरात डोंगराच्या कडेच्या वाड्यांवर राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांसाठी स्टेशनच लांब आहे.

सिस्टर : आमचे कातकरी दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. शेठची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हलता येत नाही. परत येतात पावसाच्या तोंडाला. आता मी आठवडे मोजायला शिकवते तुम्हाला, कादंबरीत चुकू नका. आठवडे गर्भ राहिल्यापासून मोजत नाहीत. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा. म्हणजे पाळी चुकली त्याच दिवशी ती बाई चौथ्या आठवड्यात असते, तिला काही कळायच्या आधी. संक्रांतीला जिची पाळी चुकली तिची शेवटची पाळी डिसेंबरच्या सतरा-अठराची. ती जूनच्या दहा तारखेला पाड्यावर परत आली तर तिला पंचविसावा आठवडा लागलेला असतो. तिने उशीर केला का?

वकील : कागदावर केला.

सिस्टर : भट्टीवर कुठली आशा आणि कुठलं निश्चय किट? इथे असती तर आशाताईने लघवीचे दोन-तीन थेंब त्या पट्टीवर टाकले असते, पाच मिनिटांत दोन रेघा, आणि सहाव्या आठवड्यात मला निरोप आला असता. नवव्या आठवड्यापर्यंत डॉक्टरच्या देखरेखीखाली गोळ्यांनी भागतं. पोट चिरायचं नाही, बेशुद्ध करायचं नाही. आणि ती तारीख तरी तुम्हाला कोण सांगणार? ‘बाई, पाळी कधी आलेली?’ तर म्हणते, ‘गाडी भरली त्याच्या आदल्या बाजाराला.’ मी कॅलेंडर काढायचं, बाजाराचा वार बघायचा, गाडी कधी भरली ते मुकादमाच्या बायकोला विचारायचं आणि तारीख लिहायची. ती तारीख उद्या हायकोर्टात जाणार.

वकील : सोनोग्राफी असते ना.

सिस्टर : असते. पहिल्या तीन महिन्यांत केली तर बरोबर सांगते. पाचव्या-सहाव्या महिन्यात केली की तीच मशीन दहा दिवस, दोन आठवडे इकडेतिकडे होते. गर्भ बारीक असेल, आई उपाशी असेल तर आणखी. तुम्ही म्हणता चोवीस आठवडे आणि एक दिवस झाला, आता दोन डॉक्टरांच्या हातात काही नाही. तो एक दिवस कोणी मोजला?

वकील गप्प राहिले नाहीत, त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. त्यांच्या कादंबरीला इथे खरा पुरावा मिळाला होता : बाजाराच्या वारावरून काढलेली तारीख, आणि तिच्यावर उभी राहिलेली रिट याचिका. पण त्यांचा मुख्य आक्षेप हलला नव्हता.

वकील : तुम्ही एकाच बाईचं चित्र काढताय. मी दुसरं काढतो. परळी, मे २०१२. एका डॉक्टरच्या इस्पितळात गर्भपात करताना बाई मेली, आणि मग कळलं की तिथे वर्षानुवर्षं मुलीचे गर्भ पाडले जात होते. २०१९ मध्ये बीडच्या कोर्टाने त्या डॉक्टरला दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. त्याआधी मार्च २०१७, सांगली जिल्ह्यात म्हैसाळ. तिथेही आधी एक बाई मेली, मग ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस गर्भ सापडले. एकोणीस. अशा ठिकाणी कागदावर बाईच्या इच्छेविरुद्ध काही दिसतं का? सही तिचीच असते. सासू बाहेर बसलेली असते आणि सही सुनेची असते. तुम्ही म्हणता बाईला ठरवू द्या. आपल्या घरांत बाई एकटी कधी ठरवते?

सिस्टर : हे खरं आहे. मी नाही म्हणणार नाही. दोन मुलींनंतर आलेली बाई ‘नको’ म्हणते तेव्हा ते ‘नको’ कोणाचं, हे मला कित्येकदा कळलेलं नाही.

वकील : मग?

सिस्टर : मग तिला बाहेरचा दरवाजा लावून एकटीला विचारायचं. सासूला चहाला पाठवायचं. हे मी केलंय. तुम्ही काय केलंत? मशीन वापरून लिंग सांगणाऱ्याला पकडायचा कायदा वेगळा आहे ना?

वकील : आहे. आणि तो पहिल्यांदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. मुंबईतल्या बायकांच्या चळवळीने रेटून करून घेतला. देशाचा १९९४ मध्ये आला.

सिस्टर : तो कायदा मशीनवाल्यासाठी. पण परळी झाल्यावर धाड पडली ती सगळ्यांवर. औषधाच्या दुकानांनी गोळ्या ठेवायचं सोडलं, कोण हिशेब देत बसणार म्हणून. चौदा-पंधरा आठवड्यांची बाई आली की डॉक्टर म्हणायला लागले, आमच्याकडे नको, पुढे जा. सातव्या आठवड्यात गोळी खाणाऱ्या बाईला पोटात मुलगा की मुलगी हे देवालासुद्धा विचारता येत नाही, सोनोग्राफीवर दिसतच नाही काही. मग तिची गोळी का बंद झाली? परळीच्या डॉक्टरची शिक्षा आमच्या ठाकरवाडीने भोगली.

माझं मत इथे सिस्टरांच्या बाजूला झुकतं आणि मी ते लपवत नाही. मुलीचा गर्भ पाडणं हा गुन्हा रोखायचा तर जिथे लिंग कळतं ती खोली तपासायला हवी. त्याऐवजी आपण गर्भपात हाच शब्द काळा करून टाकला. जाहिरातीतून, भिंतीवरच्या रंगवलेल्या घोषणांतून, शाळेच्या निबंधांतून भ्रूणहत्या हा शब्द इतका सरसकट फिरला की नवऱ्याने टाकलेली बाई, फसवली गेलेली मुलगी, चौथ्या बाळंतपणाला भ्यालेली आई, सगळ्या त्याच शब्दाखाली आल्या. बेणारेवरचा आरोपही तोच होता.

तेंडुलकरांच्याही आधीचं एक कोर्ट आहे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात ती शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर जो चिखल उडाला त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिलं. आणि जोतिराव-सावित्रीबाईंनी त्याच्याही जवळजवळ वीस वर्षं आधी, १८६३ मध्ये, पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पोटुशी विधवेने यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल हवं तर ठेवून जावं. दोष कोणाचा हे तिथे कोणी विचारत नव्हतं. मराठी समाजाने या प्रश्नाला दिलेलं सर्वांत शहाणं उत्तर मला अजूनही तेच वाटतं.

वकील : तुमच्या फुल्यांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्यांनी मूल वाचवलं.

सिस्टर : बाईला वाचवलं आणि मूलही वाचवलं. तिला आधी दारात उभं करून घेतलं. तुमच्या बोर्डासमोर कोण उभं करून घेतं? बोर्ड तिचे कागद बघतं.

वकील : बोर्डांचं मीही कौतुक करणार नाही. २००८ चं प्रकरण आठवतं? मुंबईतलं जोडपं, गर्भाच्या हृदयात दोष, चोविसावा आठवडा. तेव्हा मर्यादा वीसची होती. त्यांच्याबरोबर त्यांचे डॉक्टर निखिल दातार स्वतः हायकोर्टात गेले. ऑगस्टमध्ये कोर्टाने नकार दिला. थोड्याच दिवसांत त्या बाईचा गर्भ आपोआप पडला. तेव्हापासून दातारांनी विषय सोडला नाही. मर्यादा वाढायला २०२१ उजाडलं, तेरा वर्षं. कादंबरीत मी दातारांसारखा डॉक्टर घालणार आहे, हार न मानणारा.

सिस्टर : घाला. पण बाईला सोडू नका.

वकील : नाही सोडत. २०१६ चा निकाल ऐका, आपल्याच हायकोर्टाचा. न्यायमूर्ती ताहिलरमाणी आणि न्यायमूर्ती भाटकर, दोघी बायका. तुरुंगातल्या गरोदर कैद्यांचा प्रश्न कोर्टाने आपणहून घेतला होता. त्यात स्वच्छ म्हटलंय की शरीर बाईचं आहे, लग्न झालेलं असो नसो, गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय तिचा. मग २९ सप्टेंबर २०२२, सर्वोच्च न्यायालय : वीस ते चोवीस आठवड्यांची सवलत अविवाहित बाईलाही. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च कोर्टाने गर्भपाताचा १९७३ पासूनचा हक्क काढून घेतला होता. तिकडे दार लागलं, इकडे थोडं उघडलं.

सिस्टर : त्या बेळगावच्या मुलीचं पण लिहा. आयर्लंडला गेलेली.

वकील : सविता हलप्पनवार. दाताची डॉक्टर. ऑक्टोबर २०१२, गॉलवेच्या इस्पितळात. सतरा आठवडे, गर्भ वाचणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ठोके चालू आहेत म्हणून हात लावला नाही. रक्तात विष पसरून ती गेली. २०१८ मध्ये त्या देशाने सार्वमत घेऊन घटना बदलली.

सिस्टर : ठोके चालू होते म्हणून. आणि ती?

वकील : म्हणून तर म्हणतो, माझी बाजू तिथे चुकली हे मला मान्य आहे. पण प्रत्येक केस तशी नसते. ऑक्टोबर २०२३, दिल्ली. दोन मुलांची आई, दुसरं बाळंतपण नुकतंच झालेलं, मनाने खचलेली. अंगावर पाजत होती, पाळी येत नव्हती, कळलंच नाही. सव्विसावा आठवडा उलटलेला. दोन न्यायाधीशांनी आधी परवानगी दिली. मग एम्सच्या डॉक्टरने लिहून विचारलं की मूल जिवंत निघण्याची शक्यता आहे, आधी त्याचं हृदय थांबवायचं का? त्या एका प्रश्नावर खंडपीठ फुटलं. एक न्यायाधीश या बाजूला, एक त्या. १६ तारखेला तीन जणांच्या पीठाने नकार दिला. सिस्टर, त्या डॉक्टरच्या जागी तुम्ही असता तर?

सिस्टर : (थोडा वेळ घेऊन) मी इंजेक्शन भरलं नसतं. खोटं कशाला सांगू. पण माझा हात धजत नाही म्हणून तिने नऊ महिने काढावेत, असं तिला सांगायची माझी जीभही धजली नसती. दुसरं कोणी असेल तर त्याच्याकडे पाठवलं असतं.

वकील : म्हणजे जीव आहे हे तुम्हालाही कळतं.

सिस्टर : मला कळत नाही असं तुम्हाला का वाटलं? शेकडो पोरं माझ्या हातावर जन्मली. पोटातलं मूल काय असतं ते तुमच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे, वकीलसाहेब. आणि अंगावर पाजताना दिवस राहिलेली बाई काय म्हणते तेही. तिला दुसऱ्या बाळंतपणानंतर घरी जाऊन कोणी नीट बघितलं असतं, अजून पाजतेयस तरी सांभाळ म्हणून सांगितलं असतं, तर त्या डॉक्टरवर तो प्रश्न विचारायची पाळी आली नसती.

वकील : प्रत्येक वेळी तुम्ही मला मागे नेता. मी सव्विसाव्या आठवड्यात उभा आहे, तुम्ही सहाव्यात जाऊन बसता.

सिस्टर : कारण गोष्ट तिथे घडते. पाड्यावरची सतरा वर्षांची मुलगी घ्या. एका पोराबरोबर राहते, दोघांच्या घरच्यांना मान्य आहे. दिवस जातात. दवाखान्यात आली की वय अठराच्या आत, डॉक्टरने पोलिसांना कळवायचं, पॉक्सो कायदा. पोरगा आत जाणार. हे सगळ्या पाड्याला माहीत असतं. मग ती दवाखान्यात येईल का? कुठल्यातरी मुळीचा काढा, नाहीतर गावोगाव फिरणाऱ्याची सुई. मी तापाने फणफणलेल्या पोरी बघितल्यात.

वकील : त्यावर २०२२ च्याच निकालात उपाय आहे. अल्पवयीन मुलीचा गर्भपात करताना डॉक्टरने पोलिसांना कळवावं, पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव-गाव द्यायची सक्ती नाही.

सिस्टर : आहे? नक्की?

वकील : निकालात लिहिलंय.

सिस्टर : मग कादंबरी राहू द्या, आधी ते एका कागदावर मराठीत लिहून काढा. मी स्वतः प्रत्येक उपकेंद्रावर नेऊन देते.

वकिलांनी हो म्हटलं, आणि ते मनापासून होतं. पण त्यांच्या मनात शेवटची एक केस अडकून राहिली होती, आणि ती मलाही अजून सुटत नाही. एप्रिल २०२४. महाराष्ट्रातली चौदा वर्षांची मुलगी, अत्याचारातून दिवस गेलेले. घरच्यांना कळलं तेव्हाच फार उशीर झालेला. वैद्यकीय मंडळाने आधी ती तंदुरुस्त आहे म्हटलं, मग मत फिरवलं. ४ एप्रिलला हायकोर्टाने नकार दिला. २२ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने आपले विशेष अधिकार वापरून सायनच्या इस्पितळात गर्भपाताला परवानगी दिली. तेव्हा जवळपास तिसावा आठवडा होता. आठवड्याभरात आईवडिलांनी मुलीच्या जिवाची काळजी वाटते म्हणून मन बदललं आणि २९ तारखेला कोर्टाने आपलाच आदेश मागे घेतला.

वकील : आता सांगा. इथे निर्णय कोणाचा? कोर्टाने हो म्हटलं, कोर्टानेच नाही म्हटलं. आईबाप हो म्हणाले, आईबापच नाही म्हणाले. कादंबरीकार म्हणून मला इतका मोठा कलाटणीचा प्रसंग सुचला नसता. पण तुमच्या तत्त्वाने काय होतं?

सिस्टर : मुलगी काय म्हणाली?

वकील : निकालात म्हटलंय की गर्भवतीचं मत सर्वांत आधी धरायचं. अल्पवयीन असेल आणि पालकांशी तिचं मत जुळत नसेल तर तिचं म्हणणं कोर्टाने महत्त्वाचं मानायचं. मंडळांनाही बजावलंय की नुसतं व्यंग आहे की नाही एवढंच बघू नका, तिच्या शरीरावर आणि मनावर काय होईल ते लिहा.

सिस्टर : ते पुढच्यांसाठी झालं. मी या मुलीचं विचारतेय.

वकील : ते मला सांगता येणार नाही.

सिस्टर : मग तुमच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण तेच असू दे. वकील नाही, डॉक्टर नाही, बोर्ड नाही. तिला काय झालं, तिला काय हवंय, ते ती सांगतेय. अडखळत सांगेल, उलटसुलट सांगेल. त्या तेंडुलकरांच्या नाटकात तो सामंत हातातली कादंबरी उघडून त्यातूनच साक्ष देतो ना बाईविरुद्ध? पुस्तकातल्या बाईचं पाप खऱ्या बाईला चिकटवतो. तुमचं पुस्तक उद्या कोणाच्या तरी हातात असेल, हे लक्षात ठेवून लिहा.

वकील : आणि थरार?

सिस्टर : तुम्हाला थरार हवाय म्हणून तिने चोविसाव्या आठवड्यापर्यंत थांबायचं का? सातव्या आठवड्यात मला सापडली तर काही घडतच नाही. गोळी घेते, आठ-दहा दिवस अंगावरून जातं, पंधराव्या दिवशी तपासणीला येते.

वकील : मग कादंबरीच उरत नाही, सिस्टर.

सिस्टर : नाही उरली तर काय बिघडलं?

वकील : बिघडत नाही. पण कितीही केलंत तरी कोणीतरी अठ्ठाविसाव्या आठवड्यात येणारच. भट्टीवरून, वसतिगृहातून, कुठून तरी. आणि तेव्हा मी पोटातल्या जिवाबद्दल विचारणार. ते मी सोडणार नाही.

सिस्टर : विचारा. त्या दिवशी मला फोन करा, मी पहिल्या लोकलने येते. तुम्ही बोर्डाशी काय बोलायचं ते बोला, मी तिच्याजवळ बसते. फक्त अर्जात पहिला परिच्छेद तिचा घाला, ती बोलली तसा, तुमचं व्याकरण न लावता. आणि तारीख लिहायच्या आधी मला दाखवा. बाजाराचा वार मी बघून देईन.